दारू सुटण्यास संगत कोठे शोधावी?

या लेखांकाला निमित्त झाले ते आळेफाट्यावरील एका बाईचे. फाट्याजवळच्या एका वाडीवर सप्ताह होता. काल्याचे कीर्तन आटोपले, पंगती उठल्या आणि मी फाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. मागून एक बाई आली, पायांवर डोके ठेवले आणि इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "माउली, आमच्या मालकांना माळ घालायची हाय. माळ घातली म्हंजी दारू सुटंल ना?" मी तोंड उघडण्याआधीच तिने पुढचे विचारले, "आन् नाहीच सुटली, तर ती दारू सोडल्याली माणसं जमत्यात म्हणं एका जागी, ती कुठं जमत्यात?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येते असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. दुसऱ्याचे उत्तर मला ठाऊकच नव्हते. पंढरपुरात कोणत्या मठात पंगत केव्हा बसते हे मला तोंडपाठ. आळंदीत कोणत्या धर्मशाळेत जागा मिळेल हेही मी झोपेत सांगेन. पण ज्या तालुक्यात माझी निम्मी कीर्तने झाली, त्या तालुक्यातला पिणारा माणूस सुटू पाहील तर त्याने कोठे जाऊन बसावे, हे मला सांगता येईना. "चौकशी करून कळवतो," असे म्हणून मी गाडीत बसलो. पुढे काही महिने ती चौकशी केली. तीच येथे मांडतो.

आधी माझी चूक सांगतो, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून होत असावी. काही वर्षांपूर्वी असाच एक बागाइतदार मजकडे आणला गेला. पंधरा-सोळा वर्षे रोजचे पिणे. मी त्याला एकादशीच्या दिवशी चारचौघांत उभे केले, ज्ञानेश्वरीवर हात ठेवायला लावला, गळ्यात माळ घातली आणि बजावले, "आजपासून थेंब नाही." लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यानेही शब्द पाळला. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. अंगाला कापरे भरले, बायको ओळखू येईना, पहाटे फेफरे आले. घरची माणसे म्हणाली की काहीतरी बाहेरचे आहे. आधी देवऋषी झाला आणि मग इस्पितळ. तो वाचला, ही पांडुरंगाची कृपा आणि त्या डॉक्टरांची. पुढे दोन महिन्यांनी तो पुन्हा प्याला. पिण्याआधी त्याने माळ काढून खुंटीला अडकवली होती, असे त्याच्या मुलाने मला सांगितले. त्यानंतर चार वर्षे तो देवळाच्या पायरीला आला नाही, मी दिसलो की रस्ता बदली. मी सोडवायला गेलो होतो दारू, आणि त्याच्याकडून सुटला तो विठोबा.

यात माझे चुकले कोठे? शपथ खोटी नव्हती, माळही खोटी नव्हती. मी रोगाला फक्त पाप समजलो, एवढीच चूक. आणि ज्याने लहानपणी वैद्यकाची पोथी गुरूंपुढे बसून वाचली त्याने ती करावी, याची मला अधिक लाज वाटते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चोविसावा अध्याय सगळा मदात्ययावर आहे. ज्याने एकदा मद्य सोडले आहे तो एकाएकी पुन्हा अतिपान करू लागला तर त्याला ध्वंसक आणि विक्षय असे दोन विकार जडतात, असे तेथे सांगितले आहे. ते कष्टाने बरे होतात. सूत्रस्थानात, अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न टाकता पावपाव हिश्शाने टाकावी, असाही क्रम दिला आहे. म्हणजे शरीराला जडलेली सवय नुसत्या हुकमाने मोडत नाही, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. मात्र हे वाचून कोणी घरच्या घरी "आज पाऊण, उद्या अर्धी" असा हिशेब मांडू नये. मांडणारा पिणाराच असतो आणि पेल्याचे मापही त्याच्याच हाती!

आजचे डॉक्टर सांगतात ते असे. रोज भरपूर पिणाऱ्याने पिणे एकदम थांबवले की काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, किडे-मुंग्या दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. यावर औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस दिली की हा घाट सुखरूप उतरता येतो. जुन्नर-नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ आहे. तेथे जाऊन किती पितो आणि किती वर्षे पितो ते खरे सांगावे. डॉक्टरांपुढे लाजून अर्धे सांगितले तर औषधही अर्धेच पडते.

येथेच एक सावधगिरी. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशा पुड्यांच्या जाहिराती आपण भिंतींवर पाहतो. पुडीत नेमके काय आहे ते कोणाला माहीत? दारूची शिसारी आणणारे एक औषध खरोखरच आहे. पण ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचे असते. ते पोटात असताना माणूस प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. माउलींनो, भाकरीत, कालवणात लपवून काही देऊ नका.

बरे, शरीर आठ-दहा दिवसांत निवळले. मग? माणूस गाडीतून फाट्यावर उतरतो, तोच पूर्वीचा फाटा, तेच मित्र, तीच संध्याकाळ. आपल्या वारीचेच पाहा. आळंदीहून निघालेला पिणारा माणूस पंढरपूरपर्यंतचे अठरा-वीस दिवस कोरडा राहतो, हे मी अनेक वेळा पाहिले आहे. त्याला कोणी पहारा देत नाही. मागेपुढे माणसे असतात, ठरलेल्या वेळी उठणे, चालणे, हरिपाठ, जेवण आणि निजणे असते. घरी आल्यावर आठवड्याच्या आत तो पूर्वीच्या जागी! लोक म्हणतात, वारीचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला होता, दिंडी संपली. आता या माणसाला बारा महिने पुरेल अशी, त्याच्याच दुखण्याच्या माणसांची दिंडी हवी.

अशी दिंडी जगात प्रथम कशी जमली ती कथा ऐकण्याजोगी आहे. १९३५ चा मे महिना. अमेरिकेतील अॅक्रन या गावी बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी आला होता. पूर्वी पिण्यात सर्वस्व घालवलेला, पण सुटून पाच-सहा महिने झालेले. काम फसले, खिसा रिकामा, हॉटेलात एकटा. दिवाणखान्याच्या एका बाजूला दारूचा बार गजबजलेला आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला कळून चुकले की आपण आता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर तिकडे जाणार. मग त्याने गावातील धर्मगुरूंच्या यादीतून टेलिफोन करायला आरंभ केला. एका पाद्रीसाहेबांच्या मार्फत एका बाईंचा पत्ता लागला आणि बाईंच्या ओळखीने डॉ. बॉब स्मिथ नावाचा, स्वतः दारूने ग्रासलेला शल्यवैद्य भेटला. दोघे तासन् तास बोलत बसले. डॉक्टर पुढे एकदा घसरला, पण त्याच वर्षीच्या १० जूननंतर त्याने दारूला शिवले नाही. त्या दिवसापासून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघाची स्थापना धरतात. आपल्याकडे ती सुरुवात १९५७ साली मुंबईत झाली.

या कथेत मला भावतो तो तो पाद्री. त्याने ना प्रवचन केले, ना शपथ घातली. कोणाकडे जावे एवढेच त्याने सांगितले. आम्हा कीर्तनकारांचे कामही बहुधा एवढेच असावे. माझ्या त्या बागाइतदाराच्या वेळी मला ते साधले नाही.

महाराष्ट्रात या कामी मोठे नाव पुण्याच्या मुक्तांगणचे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या दांपत्याने पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. आरंभ येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात झाला. आज दोघेही हयात नाहीत, काम मात्र चालू आहे. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते त्या आळंदी रस्त्यावरच ही जागा आहे. आपण वर्षानुवर्षे तिच्यावरून टाळ वाजवीत गेलो आणि मान वळवून पाहिले नाही. तेथे राहून उपचार घेण्याची मुदत पस्तीस दिवसांची. खरे महत्त्व त्यानंतरच्या पाठपुराव्याचे. घरी गेलेल्या माणसाने ठरलेल्या दिवशी पुन्हा येऊन बसायचे असते. पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा गट आहे.

आता त्या बाईचा प्रश्न. आळेफाट्याच्या माणसाने बैठक शोधावी कशी? प्रथम टेलिफोन. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा विनामूल्य क्रमांक १४४४६ आहे. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ आहे. तेथे मराठीत बोलता येते. "जुन्नर-आंबेगावच्या जवळ बैठक कोठे होते?" असे सरळ विचारावे. मुक्तांगणला विचारताना 'पाठपुराव्याची बैठक' हा शब्द वापरावा आणि 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या माणसांना विचारताना 'मराठी मीटिंग'. या संघाची कचेरी मुंबईत आहे, तेथे ठिकठिकाणच्या बैठकांची यादी असते. पण यादीवर भिस्त ठेवून थेट गाडीत बसू नये, कारण बैठकीचा वार बदलतो, शाळेची खोली बदलते. आदल्या दिवशी विचारून घ्यावे की उद्या बैठक आहे ना, आणि ती 'खुली' की 'बंद'. खुल्या बैठकीला घरची माणसे, मित्र, माझ्यासारखा आगंतुक, कोणीही बसू शकतो. बंद बैठकीला फक्त ज्याला पिणे सोडायचे आहे तोच. पहिल्या दिवशी नवराबायको दोघे गेली आणि दारातून बायकोला परत फिरावे लागले, तर मालकही तिच्याबरोबर परत फिरतात. तेवढे निमित्त त्यांना पुरते.

आळेफाट्याची एक सोय आहे. येथून चारी दिशांना गाडी मिळते. दक्षिणेला नारायणगाव, मंचर, पुणे. उत्तरेला संगमनेर, नाशिक. पश्चिमेला ओतूरवरून माळशेज उतरून कल्याण. पूर्वेला बेल्ह्यावरून नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. आपल्याच गावात बैठक असली तरी पुष्कळांना तेथे जायची लाज वाटते. "कोण पाहील?" हा पहिला प्रश्न. वास्तविक बारापुढे झिंगून पडलेला सगळ्या गावाने पाहिलेला असतो, पण सुटायला जाताना पाहिले तर लाज! मनुष्यस्वभाव आहे, त्याला हसू नये. त्याने दुसऱ्या दिशेची गाडी धरावी. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. त्यांचा अनुग्रह तुकोबारायांना स्वप्नात झाला. आपल्या मालकांना मात्र गाडीनेच जावे लागेल.

बैठकीत काय होते, हे मी ऐकीव सांगत नाही. तो बागाइतदार मला चार वर्षांनी त्याच्या मुलाच्या लग्नात भेटला. मी त्याची क्षमा मागितली, आणि पुढे जेव्हा शोध लागला तेव्हा त्याला म्हणालो, "चल, मीही येतो." खुली बैठक होती, एका शाळेची खोली. बारा-तेरा माणसे बाकांवर. एक गाडीचालक, एक शिक्षक, दोन शेतकरी, एक सुटाबुटातले साहेब. व्यासपीठ नाही, हार नाही. मला पाहून एकाने चहा दिला आणि नम्रपणे सांगितले, "महाराज, येथे फक्त ज्याने त्याने आपले सांगायचे असते." मी समजलो. दीड तास गप्प बसलो. उभ्या आयुष्यात इतके कठीण अनुष्ठान मी केलेले नाही.

प्रत्येक जण आपले नाव सांगतो, आडनाव नाही, आणि "मी मद्यपी आहे" असे म्हणतो. पाच वर्षे, दहा वर्षे थेंब न घेतलेलाही तसेच म्हणतो. कोणी कोणाला उपदेश करीत नाही, मध्ये बोलत नाही, ऐकलेले बाहेर नेत नाही. जन्मभराची शपथ कोणी घेत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. वर्गणीची सक्ती नाही, पेटी फिरते, ऐपतीप्रमाणे टाकावे. बाहेरची देणगी संघ घेत नाही. आत यायची अट एकच, पिणे सोडायची इच्छा. जात, धर्म, माळ काही विचारत नाहीत. देवाचा उल्लेख होतो तो ज्याला जसा कळला तसा.

तिसऱ्या बैठकीत आमचा बागाइतदार बोलला. भिंतीवरच्या मुंग्या, खुंटीवरची माळ, मुलाच्या वह्यांचे पैसे, सगळे बोलला. पंधरा-सोळा वर्षे या माणसाने खोटे किंवा शिवी याशिवाय घरात शब्द काढला नव्हता. येताना आम्ही आळ्याला उतरलो आणि रेड्याच्या समाधीचे दर्शन घेतले. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो तेथे विसावला आहे, हे वाचकांना सांगायला नको. बागाइतदार हात जोडून उभा होता, म्हणाला, "आज माझंबी तसंच झालं महाराज." उपमा त्याची आहे, मी दिलेली नाही, म्हणूनच लिहिण्याचे धाडस करतो.

घरच्या बाईचे काय? ती काही न पिता त्याच आजारात वीस वर्षे काढते. बाटल्या शोधायच्या, ओतायच्या, उधारी फेडायची, "ताप आलाय" म्हणून कामावर खोटा निरोप द्यायचा. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी 'अल्-अॅनॉन' नावाचा निराळा संघ १९५१ सालापासून आहे. नवरा बैठकीला येवो वा न येवो, ती जाऊ शकते. फाट्यावरच्या बाईला मी हे कळवले तेव्हा ती म्हणाली, "मला कशाला? पितात ते." दोनदा सांगावे लागले.

आपल्या मंडळींकडून दोन आक्षेप मला ऐकावे लागले. एक असा की ही परदेशी गोष्ट आहे, आपल्याला नाममंत्र पुरेसा आहे. नाम पुरेसे आहे हे मी नाकारत नाही. पण पाय मोडला तर आपण नाम घेत घेत हाडवैद्याकडे जातोच. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले, तेव्हा बाबा लहान होते. पुढे त्यांनी आपल्या अपत्याच्या बारशाला दारू-मांसाची चाल मोडून गोड जेवण घातले आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनातून या व्यसनावर आसूड ओढले. लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची त्यांची रीत होती. आम्ही आसूड उचलला, ती रीत मात्र विसरलो.

दुसरा आक्षेप असा की त्यापेक्षा दुकानच बंद करा. करावे. गावातील निम्म्याहून अधिक मतदार स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत दिले तर कायद्याने दुकान बंद होते, आणि काही गावांच्या स्त्रियांनी ते करून दाखवले आहे. नव्याने पिऊ लागणारे पोर त्याने वाचेल. जुना पिणारा मात्र पुढच्या फाट्यावर जातो. त्याच्यासाठी बैठकच हवी.

आणि जवळपास बैठक नसेलच तर? दारू सोडू पाहणारे दोघे-तिघे एकत्र बसले तरी तो गट होतो, असे या संघाचे धोरण आहे. त्यांच्यातील एकाने आधी दूरच्या बैठकीला काही महिने जाऊन रीत शिकावी आणि संघाला कळवून आपल्याकडे आरंभ करावा. आपण भजनी मंडळींनी धर्मशाळेची एखादी खोली आठवड्यातून दीड तास उघडून द्यावी, सतरंजी घालावी, आणि बाहेर जाऊन बसावे. अध्यक्षस्थान महाराजांकडे, आभार सरपंचांकडे, असला प्रकार तेथे चालत नाही.

माळेविषयी आता माझे मत असे झाले आहे. ज्याला घ्यायची त्याने जरूर घ्यावी, पण वैद्य आणि बैठक यांच्या जागी नव्हे, त्यांच्यासह. आणि घेतलेला घसरला, तर आपण त्याच्या गळ्यातली माळ मोजायला जाऊ नये. घसरलेल्याला बैठकीत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लावतात, पण त्याची जागा काढून घेत नाहीत. आमच्या कीर्तनात त्याची जागा असते का, हे मी स्वतःला विचारले आणि गेल्या वर्षापासून दारुड्याची नक्कल करून श्रोत्यांना हसवणे बंद केले. तो विनोद हमखास वठत असे.

फाट्यावरच्या बाईचे मालक आधी डॉक्टरांकडे सहा दिवस राहिले. मग शेजारच्या तालुक्यातील गुरुवारच्या बैठकीला बागाइतदार त्यांना घेऊन गेला. पहिल्या चार गुरुवारांत दोनदा गेले, दोनदा प्याले. पाचव्या गुरुवारी बाई मला सांगत होती, गाडी चुकली म्हणून मालक फाट्यावर घटकाभर उभे राहिले, आणि समोरच्या बाजूला न जाता कांद्याच्या टेम्पोला हात करून पोहोचले.